पावसाच्या पाण्यावरची ब्लूबेरी

बेलापूरच्या आमच्या मळ्यात ऊस येतो, कांदा येतो. ब्लूबेरी येणार नाही, असं धाकट्या दिरांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर मी कमी थंडीत फळणाऱ्या जातीची दोन झुडपं आणून अंगणात कुंड्यांत लावली, त्या दिवशीच ते म्हणाले, "वहिनी, हे इलायती करवंद आपल्याकडं न्हाई जगायचं."

दिसायला करवंदच, हे खरं. पण या झाडाला आंबट माती लागते आणि आमची काळी माती चुनखडीची. म्हणून मी ती वापरलीच नाही. नारळाच्या भुशाचं कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा आणि द्राक्षवाले वापरतात ते गंधक, चिमूट-चिमूट. बोअरचं पाणीही क्षारांचं, बादलीला पांढरा थर धरतं. तेही बंद. पत्र्याची पन्हळ वळवून चार ड्रम पावसाचं पाणी भरलं आणि झाकून ठेवलं.

एवढं करून श्रावणात पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या. कुंडी उकरली तर पालापाचोळ्याखाली राख! पाणी तापवायच्या चुलीतली राख सासूबाई वांग्यांना, मिरच्यांना घालतात, तशी यांनाही घालत होत्या.

"तू लेकरावानी जपतीस, म्हून मी दोन मुठी जास्तच घातली," त्या म्हणाल्या.

राखेनं आंबटपणा मरतो, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. चूक माझी. मुळं धुतली, कुंडीतलं सगळं बदललं. वर उसाचं पाचट सासूबाईंनीच अंथरलं.

दिवाळीत दिरांनी जाहीर केलं, "गुढीपाडव्याला नवी गाडी येनार. अंगणात सावली हाय ती कुंड्यांपाशीच. कुंड्या हलवा."

"आणि फळ धरलं तर?"

"तर गाडी बाहेर लावीन. न्हाई धरलं तर कुंड्या उकिरड्यावर. चालंल?"

"चालेल."

माघात घंटीसारखी पांढरी फुलं आली. पाडव्याला हार घातलेली काळी गाडी दारात उभी राहिली, तेव्हा एका झुडपावर नऊ फळं होती. सगळी हिरवी.

"ही तर कच्ची!" दीर म्हणाले.

"पिकायची अट नव्हती, भाऊजी."

सासूबाई ओवाळायचं ताट घेऊन आल्या होत्या. "धरलं म्हंजी धरलं," त्या म्हणाल्या. "गाडी बाहेर लाव, मग ओवाळते."

गाडी बाहेर कडुलिंबाखाली गेली. दोन दिवसांत पाखरांनी ती रंगवली. दिरांनी बोअरच्या पाण्यानं धुतली, तर वाळल्यावर काळ्या रंगावर पांढरे डाग. मग ते बादली घेऊन माझ्या ड्रमापाशी आले.

मी झाकणावर हात ठेवला. "फळं पिकेपर्यंत थेंबभरही नाही."

"आन् पिकल्यावर?"

"पिकल्यावर बादलीभर पाणी, वर एक फळ चाखायला देईन. पुन्हा इलायती करवंद म्हणालात, तर तेव्हाही नाही."