खाटेखालचे भोपळे

लालबागच्या बाजारात सुंदराबाईचा लाल भोपळा म्हटलं की गिऱ्हाईक डोळे मिटून घ्यायचं. भोपळे स्वस्त मिळाले की ती गोण्या भरून घरी आणायची आणि भाव चढेपर्यंत जपून ठेवायची. घर म्हणजे काय, चाळीतली एक खोली. खोलीत लोखंडी खाट, खाटेखाली भोपळे आणि खाटेवर, होळीच्या सुमारास अर्धांगाचा झटका आलेला तिचा नवरा, गुणाजी.

भोपळे ठेवायची तिची रीत मोठी कडक. देठाला धरून कुणी उचलला की तिचं डोकंच फिरायचं. "मेल्या, देठ मोडलो तर कुसतलो तो!" म्हणून ती अंगावर जायची; देठ मोडला की भोपळा कुजायला लागतो. गोणपाटावर एकेक सुटा ठेवायचा, एकाचं अंग दुसऱ्याला लागू द्यायचं नाही. आणि रोज सकाळी चहाच्याही आधी खाली वाकून प्रत्येक भोपळा थोडा फिरवायचा. एका अंगावर पडून राहिला की तो खालून मऊ पडतो, आणि वरून पत्ताही लागत नाही. हे सगळं तिला पाठ होतं. तेच तर सांगताना जीव जळतो!

इस्पितळातून गुणाजीला घरी सोडताना नर्सने बजावलं होतं, "आजी, यांची कूस बदलत राहा. एका जागी पडू देऊ नका." सुंदराबाईने सुरुवातीला केलंही. पण लोळागोळा झालेला माणूस, उचलायला ती एकटी. मुलगी अनुजा बदलापूरला, तिच्या संसारात अडकलेली. आणि कुशीवर वळवलं की गुणाजी कळवळून कण्हायचा. त्याला बोलता येत नव्हतं, नुसतं डोळ्यांतून पाणी यायचं. "रवांदे, रवांदे. निजा तुमी," म्हणत ती त्याला पुन्हा उताणा करायची. तो जगावा, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं. कमरेखाली लाल चट्टा दिसला तेव्हा तिने खोबरेल लावलं. पुढे पुढे कपडा बदलतानाही ती पाठ उचलेनाशी झाली. माया होती हो ती, निव्वळ माया! तिनेच घात केला.

श्रावणात खोलीत वास सुटला. भोपळा कुसला, दुसरं काय! सुंदराबाईने सगळे भोपळे बाहेर ओढले, एकेक हुंगला, अंगठ्याने दाबून पाहिला. एकाला जरासा ओरखडा होता, तो फेकून दिला. जमीन फिनेलने पुसली, उदबत्त्या लावल्या. वास काही जाईना.

मग शेजारची सरोजिनी आली. तिचा जन्म इस्पितळात आयाचं काम करण्यात गेलेला. दारातच तिने नाकाला पदर लावला.

"वास कसलो गो येता?"

"भोपळो खयतरी कुसलो आसा. गावणा नाय."

सरोजिनी सरळ खाटेपाशी गेली आणि गुणाजीच्या खांद्याला, कमरेला हात घालून तिने त्याला कुशीवर वळवला. कमरेखाली तळहाताएवढी जखम होती. काळी पडलेली, आतलं हाड दिसत होतं.

सुंदराबाई मांडीवर भोपळा घेऊन तशीच बसून राहिली. "अगो बाय माझे," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

गुणाजीला पुन्हा इस्पितळात नेलं, पण विष अंगभर भिनलं होतं. गेला तो. जाताना सुंदराबाई त्याचा पाय धरून बसली होती.

तेरावं उरकून ती बाजारात बसली. भोपळे तर विकायलाच हवे होते, पोट कुणाला चुकलंय! पितृपंधरवड्यात गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. भोपळे घट्ट, कोरडे, आत केशरी रंगाचे निघाले.

"मावशी, इतके दिवस घरात ठेवून एकपण खराब नाही?" एक सूनबाई कौतुकाने म्हणाली. "कसे काय सांभाळता हो?"

सुंदराबाईने सुरी खाली ठेवली आणि भर बाजारात हंबरडा फोडला.