काट्यावरचं कुंकू

बंदुकीची दारू मोजायच्या काट्याला मी ओलं कुंकू लावलं. चूक एवढीच. पण त्यानंतर मी जे केलं ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून असेल.

आता तुम्ही म्हणाल, दारू, काटा, कुंकू — हा माणूस आहे तरी कोण? मी मूळचा साताऱ्याचा, मेकॅनिकल इंजिनिअर, राहायला जर्मनीत, त्सुफेनहाउझेनला. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. काम काय, तर मोजायची उपकरणं बरोबर मोजतात की नाही हे तपासणं. हे वाक्य जरा लक्षात ठेवा. ऐन वेळी मी विसरलो होतो.

आमच्या भागात नेमबाजीचा एक जुना फेराइन आहे — क्लब म्हणा. तिथे मला वोल्फगांगनं नेलं. हा आमच्या वरच्या मजल्यावरचा निवृत्त दंतवैद्य, माझ्या वडिलांच्या वयाचा, पण मला 'हेर इंजेनिअर' — इंजिनिअरसाहेब — म्हणून चिडवणार आणि त्याला अहोजाहो केलेलं चालणार नाही. फेराइनमध्ये दोघातिघांनी माझ्याकडे पाहून भुवया चढवल्या तेव्हा तो एवढंच म्हणाला, "याच्यासाठी मी शब्द देतो." असा शब्द माझ्यासाठी सख्ख्या काकांनी दिला नसता. त्याच्या हाताला वयाच्या त्या टप्प्यावरही कंप नव्हता. आयुष्यभर लोकांच्या जबड्यात सुई चालवलेला हात — त्याची मिजास होती ती, आणि शोभायची त्याला.

वापरलेल्या काडतुसाच्या टरफलात पुन्हा दारू आणि गोळी भरून घरीच नवं काडतूस करायचं, हा नाद त्याचाच. मला लागला. इथे त्याला कोर्स, परीक्षा आणि परवाना लागतो. ते सगळं मी मन लावून केलं. पण खरा जीव रमला तो सामान जमवण्यात. टरफलात गोळी दाबून बसवायची जुनी प्रेस कुठे मिळेल, साचे कुठे निघालेत, कोण छंद सोडतोय, कोणाचे आजोबा वारलेत — ऑफिसात जेवताना मी जाहिरातीच चाळायचो. लिलावात टरफलांचं एक पोतं मिळालं, ते वोल्फगांग आणि मी अर्धं-अर्धं वाटून घेतलं. दांडीचा काटा मिळाला बाड हॉम्बुर्गजवळ. मी इतकी घासाघीस केली की विकणाऱ्या बाईनं दमून होकार दिला. जाण्यायेण्याच्या पेट्रोलात सगळी बचत गेली, ती गोष्ट वेगळी.

काटा स्वस्त का होता? त्याच्यासोबतचं कसोटीचं वजन हरवलं होतं. ते ठेवून पाहायचं आणि काटा खरं बोलतोय का ते बघायचं, बस. वोल्फगांग म्हणाला, "आधी ते वजन विकत घे, मग दारूला हात लाव." मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर. आणि घेतलं नाही. तसलंच मिळेल की कुठेतरी स्वस्तात.

तेवढ्यात खंडेनवमी आली. आईचा व्हिडिओ कॉल. "अरे, घरात हत्यारं आहेत ना तुझ्या? मग पूजा नको? तुझे आजोबा साधी करवतसुद्धा पुजायचे." बंदुका कपाटात कुलूपबंद, त्या ओट्यावर काढून कशा मांडणार? म्हणून प्रेस मांडली, साचे मांडले, काटा मांडला. फुलं, अक्षता. आणि कुंकू पाण्यात कालवून प्रत्येकाला एकेक बोट. काट्याला कुठे लावू? दांडीच्या बरोबर मधोमध, म्हटलं — देवाच्या कपाळावर लावतात तसं. आईला फोनवर दाखवलं. आई खूश.

ज्या बारीक धारेवर ती दांडी तोलते, तिथे तो ओघळ उतरला आणि वाळला. मला दिसला नाही. पुढच्या शनिवारी मी त्याच काट्यावर दारू मोजली. दांडी अडकत होती, म्हणजे हवी त्याहून जास्त दारू पडल्यावर कुठे ती उचलली जात होती. मला वाटलं, काय सुरेख चाललंय.

रविवारी रेंजवर वोल्फगांगच्या आणि माझ्या काडतुसांचे डबे शेजारी-शेजारी. दोघांच्या रिव्हॉल्वरला काडतुसं एकाच मापाची. आपल्याकडे लाडू केले की पहिला मोठ्यांना देतात ना? तसा मी डबा पुढे केला — घे, घरचं आहे, तू आधी चाखून बघ. तो हसला. अर्धी माझी घेतली, अर्धी स्वतःची, आणि आपल्या रिव्हॉल्वरमध्ये भरली.

आवाज वेगळा आला. मला अजून तो शब्दात पकडता येत नाही. रिव्हॉल्वरचं चाक वरून उघडलं होतं, फणस फाटावा तसं. चष्म्यामुळे डोळे वाचले. अंगठ्यातून रक्त येत होतं आणि वोल्फगांग त्या अंगठ्याकडे असा बघत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

देखरेखीवरच्या माणसानं विचारलं, "काडतूस कोणाचं होतं?"

टरफलं एकाच पोत्यातली. ओळखणार कसं? आणि मी म्हणालो, "माझं नव्हे. मी प्रत्येक काडतूस दोनदा तपासतो."

हे मी बोललो? इतक्या पटकन? इतकी वर्षं इथे राहून माझं जर्मन अडखळतं — ऑफिसात, बेकरीत, सगळीकडे. ते एक वाक्य मात्र असं गुळगुळीत निघालं की मीच दचकलो. अंगठ्याचं रक्त अजून थांबलं नव्हतं, आणि मी खोटं बोलून मोकळा.

वोल्फगांगनं माझ्याकडे पाहिलं. संशयानं नव्हे. संशयानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "मग माझंच."

उरलेली काडतुसं मी खिशात घालून घरी आणली. काट्याखाली टॉर्च धरला. लाल, वाळलेली, नखाएवढी पण नाही अशी खपली. मी ओट्याशी खाली बसलो. शेजारच्या खोलीत बायको माझ्या आईला फोनवर सांगत होती, हो, पूजा छान झाली.

तेव्हा जिना चढून वर जायला हवं होतं. एकच मजला. गेलो नाही.

तोच खाली आला. अंगठ्याला पट्टी, हातात खोकं. त्याची प्रेस, त्याचे साचे, त्याचा काटा — कसोटीच्या वजनासकट. "हातांचा भरवसा राहिला नाही, हेर इंजेनिअर. तू दोनदा तपासतोस. तुझ्याकडेच राहू दे." ज्याच्यासाठी मी जाहिराती धुंडाळत फिरायचो, त्याहून भारी सामान, फुकट. मी घेतलं. थँक यू म्हणालो. दार लावलं. आणि — हे सांगायची फार लाज वाटते — पहिला विचार आला तो असा, की प्रेस अगदी नव्यासारखी आहे.

त्याच्या काट्यावर मी माझ्या उरलेल्या काडतुसांतली दारू काढून मोजली. काहींत थोडी जास्त. काहींत भलतीच.

वोल्फगांग नंतर रेंजवर आला नाही. मग त्यानं गाडी विकली. नातीला झोपाळ्यावर बसवताना आता सुनेला म्हणतो, तू धर. परवा जिन्यात भेटला तर कुलपात किल्ली घालण्याआधी थांबून किल्लीकडे बघत होता. मी म्हटलं, मदत करू? आणि मी केली. मी त्याच्या दाराचं कुलूप उघडून दिलं.

त्याच्या हातांना काहीही झालेलं नाही. हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि तो माणूस त्याच्या बरोबर खालच्या मजल्यावर झोपतो.

मी तरुण होतो, परक्या देशात होतो, परवाना जाईल याची भीती होती — असली वाक्यं मी लिहून पाहिली. खोडली. तरुण तर मी नव्हतोच.

इथपर्यंत लिहून झालं तेव्हा माझी मुलगी ईरा मागे येऊन उभी होती. तिला मराठी ऐकून सगळं समजतं, वाचता येत नाही, आणि उत्तर जर्मनमध्येच देते. तिनं विचारलं, काय लिहितोयस? मी अख्खं वाचून दाखवलं. तेव्हा, कुणालाही सांगितलेलं नाही, हे वरचं वाक्य आता तेवढं खरं राहिलेलं नाही. वाटलं, रडेल, नाहीतर चिडेल. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, मग वर छताकडे बोट केलं.

"पण बाबा, वोल्फगांगला मराठी येतच नाही."