य यल्लातला

आमच्या घरातली शाळा सकाळी आठला भरते. भरते म्हणजे मी बेडरूमच्या दारावर टकटक करून आत जाते आणि माझी सात वर्षांची मुलगी उभी राहून "गुड मॉर्निंग, टीचर" म्हणते. तशीच गाऊनवर गेले तर मला परत पाठवते. ओढणी घ्यायची, केस बांधायचे, दार वाजवायचं, हे सगळे नियम तिचे. मधल्या सुट्टीत मी ओढणी काढून स्वयंपाकघरात आले की ही मागोमाग हजर, आईकडे टीचरची तक्रार घेऊन. टीचर शाउटेड अ‍ॅट मी. मी म्हणते, आगाऊच आहे ती बाई, बघते तिच्याकडे. मग पोळी-भाजी खाऊन दोघी परत वर्गात. हसू येतं ना? मलाही येतं. पण ही शाळा मी हौसेनं काढलेली नाही.

आधी ती चांगली बसनं शाळेत जायची. घरी तोंडाची टकळी अखंड चालू आणि वर्गात मुकी. एकदा काहीतरी वाचताना अडखळली, पोरं हसली, बाईंनी "राँग" म्हणून पुढच्या मुलाला उठवलं. तेव्हा हिनं तोंड मिटलं ते मिटलंच. बाथरूमला जाऊ का, एवढंही विचारेना. ओल्या कपड्यांनी बसमधून उतरायला लागली. मी शाळेत गेले तर म्हणाले, शी इज अ क्वाएट चाइल्ड. क्वाएट कसली डोंबलाची. पुन्हा एकदा ती ओली उतरली, डोळे खाली घालून, दप्तर पुढे धरून. त्या दिवशी मी ठरवलं, खलास. उद्यापासून ही जायची नाही.

इंग्रजी आणि गणित ऑनलाइन, बाकीचं मी, असं सुरू झालं. इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत, आपल्या माणसांची कमी नाही, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, मुलगी कुठल्या शाळेत? घरीच शिकवते म्हटलं की चेहरे असे व्हायचे जसं काही मुलीला देवी आल्यात. शेजारीण तर आवाज खाली आणून विचारायची, काही प्रॉब्लेम आहे का हो तिला? पहिले काही दिवस मी सगळं समजावून सांगितलं. मग कंटाळले. मग सांगायला लागले की आमची शाळा फार कडक आहे, एका वर्गात एकच मूल घेतात, अ‍ॅडमिशन फुल आहे.

लोकांचं काही नाही. खरी अडचण साताऱ्यात बसली होती. माझे सासरे, अण्णा, निवृत्त मुख्याध्यापक. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तपासणी. शुद्धलेखन झालं का, पाढे कुठपर्यंत आले, मुलगी अशी तिरकी का बसली. उंट इथे आमच्याकडे आणि उंटावरून शेळ्या हाकणारे साताऱ्यात. आणि शाळा हा शब्द चुकूनही तोंडातून काढायचे नाहीत. "ते तुमचं घरातलं" म्हणायचे. तुमचं ते घरातलं झालं का आज?

एका संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सरळ सांगितलं की पोरीचं वाटोळं करू नका, माझ्याकडे पाठवा, इथल्या शाळेत घालतो, सुट्टीत येत जाईल तुमच्याकडे. माझा नवरा मुसफ्फ्यात, म्हणजे इथल्या गॅरेज-कारखान्यांच्या भागात, एका वर्कशॉपच्या ऑफिसात दिवसभर लोकांना इन्शाल्ला म्हणून वाटेला लावतो. वडिलांना इन्शाल्ला म्हणता येत नाही, म्हणून बघू म्हणाला. अण्णा मार्चमध्ये येतायत, काय शिकली ते तपासतील, मग बघू. मी विचारलं, बघू म्हणजे काय? तर काहीच शिकली नसेल तर एक वर्ष पाठवायला काय हरकत आहे, म्हणे. एक वर्ष! ती मला विचारल्याशिवाय मोजे घालत नाही. मी त्याला म्हटलं, तुझ्या वडिलांनी नापास केलं म्हणून माझी मुलगी विमानात बसणार नाही. तो पुन्हा बघू म्हणाला.

परीक्षेआधी अण्णांनी एका ओळखीच्याबरोबर मुळाक्षरांचा तक्ता पाठवला. मी तो भिंतीवर लावला आणि नाकी नऊ आले. ग गडूतला. व्हॉट इज गडू? छोटा तांब्या. व्हॉट इज तांब्या? ख खटाऱ्यातला. आता खटारे मुसफ्फ्यात हवे तेवढे दाखवले असते, पण चित्रातल्याला बैल जुंपलेले. आणि य यज्ञातला, ज्ञ पण यज्ञातलाच. एका यज्ञात दोन अक्षरं खपवलीत, मराठीत काय शब्दांचा दुष्काळ पडलाय? आठवडा गेला तरी पोरगी त्याच ओळीत रडत बसलेली. शेवटी मी कात्री आणली, जुनी मासिकं काढली आणि तिला म्हटलं, कर तुझा तक्ता.

तिनं केला, अण्णांच्याच तक्त्यावर चित्रं चिकटवून. ग गर्मीतला. ख खलासमधला. ठ ठप्पमधला, कारण इंटरनेट सारखं ठप्प होतं. ह हबीबीतला. य यल्लातला, यल्ला म्हणजे इथल्या अरबीत चल लवकर, त्यावर सुटलेल्या बसचं चित्र. ङ आणि ञ यांच्यापुढे अण्णांच्या तक्त्यात चित्रच नव्हतं, नुसता रिकामा चौकोन. ञच्या चौकोनात तिनं एक मांजर चिकटवलं. का, ते मी विचारलं नाही, टीचर दमली होती. पण त्या आठवड्यात ती सगळी अक्षरं वाचायला लागली. मोठ्यानं, बोट ठेवून.

अण्णा आले. पहिल्याच दिवशी मी मिरचीची फोडणी दिली आणि धुराचा अलार्म बोंबलायला लागला. अण्णा चपला घालून दारात उभे, वॉचमन वर आलेला. तो गेल्यावर अण्णांची नजर बेडरूमच्या उघड्या दारातून भिंतीवर गेली. त्यांचा तक्ता, आणि त्यावर जागोजागी चिकटवलेली आमची चित्रं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, उद्या सकाळी बघू. या घरात बघू कुठून आलं ते मला तेव्हा कळलं.

सकाळी सोफ्यावर परीक्षा. मुलगी समोर उभी, नवरा ऑफिसला उशीर करून बसलेला, मी स्वयंपाकघराच्या दारात. कागदावर अक्षर काढून अण्णा विचारत होते, हे कुठलं आणि कशातलं. क्षला ती म्हणाली शिक्षेतला, टीचर करते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी य काढला.

"यल्लातला," ती म्हणाली.

"चूक. य यज्ञातला."

तिनं तोंड मिटलं. तसंच, अगदी तसंच. मी पुढे झाले, म्हटलं आता परीक्षा गेली खड्ड्यात. तेवढ्यात ती बोलली.

"आजोबा, यज्ञ म्हणजे काय?"

अण्णांनी सांगितलं, कुंडात अग्नी पेटवतात, तूप घालतात, मंत्र म्हणतात.

"इन द हाउस? अलार्म वाजेल. काल आई ओन्ली मेड भाजी, तरी वॉचमन आला." आणि वर म्हणाली, "यल्ला मी रोज ऐकते. यज्ञ मी बघितलाच नाही. सो मी राँग नाही."

नवऱ्याला ठसका लागला. अण्णांनी कागद उलटा ठेवला. मला आनंद झाला तो संध्याकाळच्या चहापर्यंत टिकला. चहा घेताना अण्णा म्हणाले, पोरगी हुशार आहे. म्हणूनच म्हणतो, माझ्याकडे द्या, मी तिला घडवतो.

घ्या! हात दाखवून अवलक्षण. नापास झाली असती तरी पाठवा आणि पास झाली तरी पाठवा. मी कप खाली ठेवला. लग्नाला दहा वर्षं झाली, अण्णांना मी कधी उलट बोलले नव्हते. मी म्हटलं, "अण्णा, देणार नाही. वर्गात ही बाथरूमला जाऊ का विचारत नव्हती. आज तिनं मुख्याध्यापकांना सांगितलं की मी चूक नाही. हे तिला कुणी शिकवलं? ही शाळा आहे. तुम्ही म्हणा, नका म्हणू." नवऱ्याकडे वळले, तो तोंड उघडणार इतक्यात म्हटलं, बघू म्हणालास तर बघ. त्यानं तोंड मिटलं, अण्णांकडे वळला आणि म्हणाला, "नाही पाठवायची, अण्णा." लग्नानंतर मला तो इतका कधीच आवडला नव्हता.

अण्णांनी अर्धा चहा तसाच ठेवला. रात्री लवकर जेवून झोपायला गेले. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण बोलले ते परत घ्यावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ओढणी घेऊन दार वाजवायला गेले तर आतून बोलणं ऐकू आलं. अण्णा तक्त्यासमोर उभे होते. ञच्या चौकोनावर बोट ठेवून सांगत होते की इथे काही चिकटवायचं नसतं, याचा शब्द नाही, मी जन्मभर मुलांना हा चौकोन सोडूनच द्यायला सांगितलं. ती म्हणाली, तो रिकामा नाही, मांजरीचा आहे. मांजर नाकातून म्हणते ञाव. अण्णा म्हणाले, म्याव. ती म्हणाली, नो, ञाव, चला खाली. हेडमास्तरांना हाताला धरून तिनं पार्किंगमध्ये नेलं. तिथे गाड्यांखाली मांजरं मुक्कामालाच असतात. वर्ग बुडाला. टीचर ओढणी घेऊन खिडकीत उभी.

बऱ्याच वेळानं दोघं वर आले. अण्णा घामाघूम. ते बसले आणि त्यांनी साताऱ्याला सासूबाईंना फोन लावला. तिकडून त्या विचारत असणार की नातीला कधी घेऊन येताय, अंथरूण-पांघरूण काढून ठेवू का. अण्णा म्हणाले, "नको. ती येत नाही. तिची शाळा चालू आहे."

फोन ठेवून ते मला म्हणाले, यज्ञ तेवढा परत लाव.

मी म्हटलं, नाही लावणार.