आप्पांच्या छातीतले मजूर

आमच्या इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, खोलीत जेलच्या बाटल्या संपतात, पण किस्से काही संपत नाहीत! बुधवारा पेठेतल्या हार्टच्या दवाखान्यात मी अठरा वर्षं लोकांच्या छातीवर प्रोब फिरवतेय. शर्ट काढून डाव्या कुशीवर झोपलं की माणूस आपोआप बोलायला लागतो. त्यातले निम्मे किस्से एकट्या फोपनार गावच्या आप्पांचे, आणि उरलेले त्यांच्या बायकोचे, म्हणजे जिजींचे. बसा, सांगते.

आप्पा केळीवाले. गेल्या साली बागेत पाणी देताना चक्कर येऊन पडले, आणि तेव्हापासून जिजींनी त्यांना एकट्याला वावरात पाऊल टाकू दिलं नाही. आप्पा पुढे, जिजी मागे! इको काढला तर हृदयाची भिंत जाडजूड, आणि ते इतकं जोरात आवळायचं की रक्त बाहेर पडायची वाटच अरुंद व्हायची.

"जोर जास्त आहे, तं चांगलंच ना!" आप्पा खुशीत.

"मले तं माहीतच होतं," जिजी म्हणाल्या. "यांच्या छातीवर डोकं टेकलं की जातं फिरल्यासारखी घरघर ऐकू येते. चाळीस वर्षं झाली. ती ऐकल्याशिवाय माझा डोळा लागत नाही."

बोलून गेल्या आणि मग अशा लाजल्या की विचारू नका. आप्पा आपले मशीनकडे बघत बसले.

*

आमच्या डॉक्टर साहेबांनी आप्पांना समजावलं, "स्नायूंत मायोसिन नावाचे मजूर असतात. ते दोर ओढतात, तेव्हा हृदय आवळतं. तुमच्याकडे नको तितके मजूर एकदम ओढतात. ही नवीन गोळी त्यातल्या काहींना छुट्टी देते."

आप्पा उठूनच बसले. "काय सांगता! इथं केळी कापायले मजूर भेटत नाही, अन् माझ्या छातीत जास्तीचे भरलेत? बागेत पाठवा ना त्यांना!"

मायोसिन इन्हिबिटर हे नाव कागदावर राहिलं. आमच्याकडे ती छुट्टीची गोळी झाली. पण साहेबांनी दम भरला होता. छुट्टी जास्त झाली तर हृदय ढिलं पडतं, म्हणून महिन्याच्या महिन्याला इको. पंपाचा आकडा, म्हणजे हृदय शेकडा किती रक्त बाहेर फेकतं तो, पन्नासच्या खाली गेला की गोळी बंद. आणि ॲसिडिटीची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायची नाही!

आप्पांचं एकच मागणं होतं. "केळी निसवायले लागली, घड बाहेर पडायले लागले की मले एकट्याले बागेत जाऊ द्या, साहेब. नवा घड बघत उभा राहतो, अन् ही मागून माझा श्वास मोजते!"

*

इकोत आम्ही पेशंटला श्वास रोखून कुंथायला लावतो. त्यानं आतला अडथळा नीट दिसतो. आप्पांना काही केल्या जमेना. शेवटी मी वैतागून ओरडले, "आप्पा, जोर लावा! संडासला बसल्यासारखा!"

दाराबाहेरून जिजींचा आवाज आला, "मॅडम, ते सकाळीच झालं त्यांचं!"

बाहेरचा सगळा बाक हसला. आप्पा हसता हसता कुंथले, आणि अडथळा मात्र झकास दिसला.

*

गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले, तर जिजी तणतणत आल्या. "पाण्याचा हंडा उचलत नाहीत, कांदा चिरत नाहीत. म्हणे, हातातले मजूर छुट्टीवर!"

साहेब म्हणाले, "आप्पा, हातापायाचे मजूर वेगळे. जखम भरायला पेशी सरकतात ना, तिथंही त्यांचेच भाऊबंद राबतात. पण ही गोळी हृदयातल्यांसाठी आहे. बाकी सगळे कामावर!"

"ऐकलं ना?" जिजी म्हणाल्या. "वांग्याचं भरीत आहे आज. कांदा तुम्हीच चिरायचा."

*

चौथ्या इकोला मात्र माझाच हात थांबला. आकडा सेहेचाळीस! पुन्हा मोजला, तेवढाच. आप्पांना काही सांगावं लागलं नाही. दम लागत नव्हता, जिना चढता येत होता, बागेत केळी निसवायच्या बेतात, आणि गोळी बंद! म्हातारा एवढंसं तोंड करून शर्टाची बटणं लावत बसला.

साहेबांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा जिजी रडायलाच लागल्या. आप्पांनी शेव-मिरची चापली, छातीत जळजळलं, म्हणून जिजींनी स्वतःच्या ॲसिडिटीच्या कॅप्सूल त्यांना रोज दिल्या होत्या. त्यानं ही छुट्टीची गोळी अंगात साचत गेली.

"माय वं! मीच साऱ्या मजुरांना छुट्टी देऊन टाकली!"

आप्पांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नको. येतील परत. जातात कुठं?"

*

आणि आले! महिनाभर गोळी बंद ठेवली, आकडा वर आला, मग कमी डोसवर पुन्हा सुरू केली. त्यानंतरचा इको बघून मी साहेबांना हाक मारली. वाट मोकळी, आकडा बराबर. साहेबांनी आप्पांच्या छातीवर स्टेथोस्कोप टेकवला आणि तो जिजींच्या कानात घातला.

जिजी बराच वेळ ऐकत राहिल्या. मग घाबरून म्हणाल्या, "साहेब, घरघर कुठं गेली?"

"गेली ती बरंच झालं, जिजी."

"मग आता एकटा जाऊ बागेत?" आप्पांनी विचारलं ते साहेबांना नाही, जिजींना.

"जा," जिजी म्हणाल्या. "टोपी घालून जा."

*

आता परवाची गोष्ट. दुपारी जिजी एकट्याच दवाखान्यात आल्या. मी हातातलं काम टाकून विचारलं, "आप्पा कुठायत?"

"बागेत. पहिला घड पडलाय, तं सकाळपासून तिथंच. एकदम बराबर आहेत." त्या इकोच्या खोलीत येऊन स्टुलावर बसल्या. मला वाटलं, त्यांनाच काही होतंय.

"तुमचा इको काढायचा का जिजी?"

"नाही वं. घरघर गेली तेव्हापासून डोळ्याले डोळा नाही." मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, यांचा तो जुना आवाज... मशीनमध्ये ठेवलाय का हो?"

मी आप्पांचा पहिला इको उघडला आणि आवाज मोठा केला. जिजींनी डोक्यावरचा पदर कानामागे सारला.