दादांची काळी माती आणि ड्रममधलं लिंबू

हिंगोलीतल्या आमच्या घरामागे साडेनऊ फूट बाय चौदा फूट जागा आहे आणि ती सगळी शहाबादी फरशीनं झाकलेली आहे. उघडी माती एक इंच नाही. म्हणून जे लावायचं ते डब्यात, कुंडीत, नाहीतर आडव्या कापलेल्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये. हिंगोली जिल्हा नवा झाला होता त्या वर्षांत मी तिथं वीस झाडं सांभाळत होतो. उन्हाळ्यात नळ पाचव्या दिवशी यायचा. प्रत्येक झाडाला रोज पाऊण लिटर, असं पंधरा लिटर पाणी मी मापानं घालायचो आणि वहीत लिहायचो. ऑफिसातून आल्यावर ते काम नकोसं वाटायचं. पण दुसरं कोण करणार?

आई गेल्यावर वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, गावी पुसेगावला एकटेच राहत होते. शेत माझा धाकटा भाऊ बघायचा, पण तो वावरातच राहायचा. दादांचे गुडघे गेले होते, चूल पेटवायलाही खाली बसता येत नव्हतं. मी त्यांना तीनदा हिंगोलीला आणलं. पहिल्यांदा अकरा दिवस राहिले, दुसऱ्यांदा एकोणीस, तिसऱ्यांदा आठ. दर वेळी सकाळी उठून पिशवी भरायचे आणि एसटी गाठायचे.

चौथ्यांदा, माघात, ते स्वतःहून आले. जीपमधून सहा पोती काळी माती उतरली आणि लिंबाचं एक रोप.

"आपल्या वावरातली माती हाये. हे लिंबू जगलं त मी इथं राहीन. न्हाई जगलं त मला अडवायचं न्हाई."

बायको हसली. "मामा, लिंबाच्या जिवावर काहून राहता?"

"मंग कोणाच्या जिवावर राहू? तुमी दोघं डबे घेऊन सकाळीच जाता."

बायकोनं रोप उचलून सावलीत ठेवलं.

आम्ही बापलेकांनी ड्रम काठोकाठ भरला. नुसती काळी माती, दुसरं काही नाही. आमच्या भागात काळ्या मातीवर कोणी शंका घेत नाही. लिंबासाठी मी वहीत रोजचे दोन लिटर वाढवले. एकूण सतरा.

चैत्रात पानं पिवळी पडायला लागली. मग गळायला लागली.

"पाणी कमी पडून राहिलं," दादा म्हणाले.

मी वही दाखवली. "रोज दोन लिटर देतोय, दादा. एक दिवस खाडा नाही."

"झाडाला वहीतलं पाणी लागत न्हाई, बापू."

मला वाटलं, तेच दुपारी जास्तीचं पाणी ओतून मुळं कुजवत असतील. मी चार दिवस झाडांसाठीच्या हौदातल्या पाण्याची उंची पट्टीनं मोजली. पाणी बराबर होतं. वडिलांवर असा पहारा ठेवल्याची लाज वाटली, पण लिंबू काही सुधारलं नाही. एके सकाळी दादांची पिशवी खुंटीवरून खाली आलेली दिसली. रिकामीच होती, पण खाली आली होती.

त्या रविवारी मी ड्रमखालच्या विटांमध्ये एक घमेलं सरकवलं आणि नेहमीसारखं दोन लिटर पाणी ओतलं. पाचेक मिनिटांनी घमेल्यातलं पाणी मोजलं. दीड लिटर. माती सुकून आक्रसली होती आणि ड्रमच्या कडेनं बोटभर फट पडली होती. पाणी तिथून थेट खालच्या भोकातून बाहेर जात होतं. बुंध्याजवळ खुरपी खुपसली, तर माती दगडासारखी कोरडी. मी दोन महिने दिलेलं पाणी लिहीत होतो. झाडाला त्यातलं चौथाई मिळत होतं.

वावरात काळी माती भेगाळते, पाऊस आला की मिटते. तिथं मुळांना खाली जायला जागा असते. ड्रममध्ये ती नसते. दोघंही त्याच मातीतले, म्हणून दोघांनाही हे सुचलं नव्हतं.

दादांनी घमेलं पायानं पुढं ओढून पाहिलं. मग म्हणाले, "महादेवावर थेंबथेंब गळती लावतात तशी लाव. देवाच्या डोक्यावर बी कोणी भसाभसा ओतत न्हाई."

त्यांनीच एका गाडग्याच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडलं आणि जुन्या धोतराची वात त्यात घट्ट बसवली. मी कडेची फट भुसभुशीत मातीनं बुजवली, गाडगं बुंध्यापासून वीतभर अंतरावर ठेवलं आणि वर चार बोटं हळदीचा वाळलेला पाला पसरला. दोन लिटर पाणी झिरपायला आता संध्याकाळ व्हायची. खाली घमेल्यात अर्धा पेला पाणीही यायचं नाही.

माती बदलणं गरजेचं होतं, पण उन्हाळ्यात झाड उपटलं तर मरतं. जुलैपर्यंत थांबलो. मग मापं ठरवली: तीन घमेली माती, एक नदीची जाड रेती, एक जुनं शेणखत. बुडाला विटांचे तुकडे, वर काठापासून चार बोटं जागा मोकळी.

दादांनी रेतीचं घमेलं पाहिलं.

"आपल्या मातीत रेती?"

मी समजावलं नाही. तेवढी ताकद नव्हती. ते उठून आत गेले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळपर्यंत मी एकट्यानंच ड्रम भरला. कंबर त्या दिवशी धरली, ती अजून पूर्ण सुटलेली नाही.

भाद्रपदात नवी पालवी फुटली. मी मोजली, सतरा पानं. दादांनी पिशवी खुंटीला लावली. शब्द दिला होता, राहिले. पण त्यानंतर ते कधी "आपलं लिंबू" म्हणाले नाहीत. "तुझं लिंबू" म्हणायचे. कधीमधी पुसेगावच्या एसटीची वेळ विचारायचे. काहून विचारता म्हटलं तर म्हणायचे, "असंच."

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या बाई भिंतीपलीकडून कुंडीचं विचारत होत्या. दादा त्यांना सांगत होते, "नुसती काळी माती घालू नका, बाई. तिनाला एक रेती लागते. मातीला श्वास पाहिजे."

मी बादली घेऊन मागेच उभा होतो. गाडगं भरायला वाकलो तेव्हा त्यांनी विचारलं, "झालं का तुझ्या लिंबाचं?"

"झालं. दोन लिटर."

"लिव मंग वहीत."

मी लिहिलं.