मी जानेफळात बरा केलेला कॅन्सर

थोरल्या भावाची मुलगी पुण्याच्या प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींवर औषधं तपासते. बशीत पसरलेल्या पेशी एका नव्या औषधानं मेल्या, एवढंच ती फोनवर बोलली आणि मी जानेफळ गावभर सांगत सुटून कॅन्सर बरा करून टाकला. भावाच्याच पोटात गाठ; त्यानं चालू उपचार सोडले. “पोरीचंच औषध घेतो,” म्हणाला.

पुतणी धावत आली. “बाबा, त्याच पेशींचा गोल गोळा वाढवून औषध टाकलं, तं वरवरच्याच मेल्या. आतल्या जित्याच हायेत. काकानं कपाशी फवारली, तं बोंडातली अळी मेली काय?”

“कायची मरते! सारी बोंडं किडकी निघाली,” भाऊ म्हणाला.

माझ्या शेतीचा कुणाला उपयोग झाला तो हा पहिलाच. भाऊ उठला. “चाल बे, गाडी काढ. दवाखान्यात जाऊ. अन् रस्त्यानं तोंड बंद ठेवजो.”