रिठ्याचा फेस

सदाशिवभाऊ गेल्याचा निरोप त्यांच्या भाच्याने पवनीहून आणला, तेव्हा मी घरात गॅसची नवी टाकी लावत होतो. ऐकलं आणि हातातली काडीपेटी तशीच खाली ठेवली... त्याला आता महिना झाला.

पवनीत आमचं तांब्या-पितळेच्या डागडुजीचं दुकान होतं, भागीदारीत. भाऊंचं सगळं काम रॉकेलच्या ब्लोलॅम्पवर चाले. "याचा जाळ मले दिसते, आवाज आयकू येते," म्हणायचे. मला नव्याची हौस. वेल्डिंगवाल्याचा कार्बाइडचा गॅस एकदा वापरून पाहिला, तर पातळ नळी लालबुंद झाली आणि कथील थेंब थेंब गळून पडलं. मग मी नागपूरहून टाकीच्या गॅसवर चालणारा बर्नर आणला. त्याची आच बेताची. भाऊंनी एकच अट घातली. पेटवण्याआधी रबरी नळीच्या सांध्यांना रिठ्याचा फेस लावायचा, बुडबुडा आला तर काम बंद. भांडी घासायला त्यांच्या घरी रिठे उकळलेले असायचेच. मी हसायचो.

"कायले हासून राहिला बे? गॅस का तुले सांगून येनार हाये?"

कोंढ्याच्या एका धानाच्या व्यापाऱ्याने नव्या घरात गरम पाण्याची तांब्याची लाइन टाकायला बोलावलं. शेवटचा जोड न्हाणीतल्या कंबरभर खड्ड्यात होता. भाऊ अंगणात नळी कापत होते. मला पडसं झालेलं, वासाचा पत्ता नाही, वर घाई. फेसाची वाटी अंगणातच राहिली होती, ती आणायचा मी कंटाळा केला. टाकी काठावर ठेवून उघडली, खाली उतरलो. जोड घासण्यात बराच वेळ गेला. मग काडी काढली.

"वसंता, काडी ओढू नोको."

गॅसचा वास येऊन आलेले भाऊ दारात उभे होते. ते ओरडले नाहीत, म्हणूनच माझं पाणी पाणी झालं. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. मी त्यात कंबरेपर्यंत उभा होतो आणि बोटांत काडी होती. पाय हलेनात. भाऊंनी टाकी बंद केली, पळून जायचं सोडून खाली वाकले, माझ्या हातातली काडीपेटी घेतली आणि काखेत हात घालून मला वर ओढलं. मग त्यांनी टाकी अंगणात नेली. तिथे ती जराशी उघडून फेस लावला, तर सांध्यावर बुडबुडे भराभर फुगले.

"काम काहून थांबलं?" मालकाने विचारलं.

"सांधा मीच तपासला नाही, माही चूक," भाऊ म्हणाले. मी मान खाली घालून गप्प राहिलो. त्याची लाज अजून वाटते.

बर्नर त्यांनी टाकून दिला नाही. काडीपेटी मात्र तेव्हापासून त्यांच्या खिशात. मी फेस लावायचा, त्यांनी वाकून पाहायचं, मग मला काडी द्यायची. एकच.

तेरवीला वहिनींनी ती काडीपेटी माझ्या हातात ठेवली. घरी येऊन तशीच राहिलेली नवी टाकी लावली, फेस लावला. बुडबुडा नाही. पुन्हा लावला, तरी नाही. काडी काढली आणि परत पेटीत ठेवली... वाकून पाहणारं कोणी नव्हतं.

आमच्याकडे गॅस आता बायको पेटवते. मी फेस लावतो, वाकून पाहतो, आणि खिशातून तिला एकच काडी देतो.